दयेचा अर्ज

निराधारांचं घर बंद होणार, ही बातमी एर्ना याकोव्लेव्नाला चादरी धुता धुता कळली. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. धुलाईच्या खोलीत वाफ इतकी दाटली होती की राउशान दारात येऊन उभी राहिली तरी आधी तिचे नुसते बूट दिसले.

"एर्ना-अपा, मशीन जरा बंद करा," राउशान म्हणाली. वयाने मोठ्या बाईला ती कझाख रीतीने 'अपा' म्हणे.

राउशान त्या घराची व्यवस्थापक होती. चाळिशीची, तोंडाने फटकळ. पण आज तिचा आवाज खाली आला होता. हातात शिक्का मारलेला कागद होता.

"फेब्रुवारीअखेर घर बंद. सगळ्यांना प्रांताच्या मोठ्या घरात हलवायचं आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"एकतीसच्या एकतीस."

"अगं, ते इथून साडेतीनशे किलोमीटर आहे. या थंडीत? निम्म्यांना धड बसता येत नाही."

"कागदावर थंडी लिहिलेली नाही, अपा. छप्पर धोक्याचं आहे एवढंच लिहिलंय."

एर्नाने ओले हात एप्रनला पुसले आणि कागद वाचला. दोनदा वाचला. राउशान खोटं बोलत नव्हती.

कझाख माळावरच्या तासकुदुक गावातून काहीतरी काढून नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. एकेकाळी इथे सामूहिक शेती होती, चार हजार माणसं होती, तीन भाषा होत्या. नव्वदच्या दशकात जर्मन लोक जर्मनीला गेले, मग रशियन रशियात गेले, मग तरुण कझाख शहरात गेले. इस्पितळ गेलं, बेकरी गेली, शाळेचे वरचे वर्ग गेले. इस्पितळाच्या रिकाम्या इमारतीत हे निराधारांचं घर आलं, आणि त्याच्यामुळे गावात अजून पंधरा जणांना काम होतं. एर्ना तिथे बावीस वर्षं कपडे धूत होती. तिचा नवरा अब्राम टेकडीवरच्या कब्रस्तानात होता, मुलगा आर्नोल्ड नऊ वर्षांपूर्वी बायकोला घेऊन जर्मनीला गेला होता. तू का राहिलीस, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "कुणीतरी दिवे मालवायला नको का?" खरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी राउशानने पुढच्या दारावर आणखी एक कागद चिकटवला. नातेवाईक किंवा इतर नागरिक यांपैकी कोणाला एखाद्या रहिवाशाला स्वतःच्या घरी सांभाळायचं असेल तर त्यांनी पहिल्या फेब्रुवारीपर्यंत नाव द्यावं, असं त्यावर होतं. एर्ना कोट चढवत उभी होती. तिने तो वाचला. कोण नाव देणार, असं तिच्या मनात आलं आणि ती गुडघाभर बर्फातून घरी गेली.

*

रविवारी ख्रिस्ती प्रार्थनाघरात अकरा जण होते. नेहमीच अकरा असत, त्यातल्या नऊ बायका. मंडळीचे प्रमुख, बंधू कोर्नेई, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, कानाने कमी ऐकत, त्यामुळे प्रार्थनाही मोठ्याने करत. दर रविवारी ते सत्तेवर बसलेल्यांसाठी प्रार्थना करत. राष्ट्राध्यक्ष, मग प्रांताचा मुख्य, मग तालुक्याचा अकीम, म्हणजे तालुक्याचा प्रमुख. पहिल्या दोघांच्या नावांना मंडळी सवयीने 'आमेन' म्हणे. तिसऱ्याच्या नावाला मात्र मनापासून म्हणे, कारण अकीम घरचा होता.

व्हिक्तर आंद्रेयेविच रेम्पेल. म्हणजे मंडळीतल्या, आता हयात नसलेल्या सुझानाचा नातू व्हित्या. आईबाप कामाच्या मागे शहरात, त्यामुळे आजीनेच वाढवलेला. नाताळात याच बाकासमोर उभं राहून त्याने दयाळू माणसांबद्दलचं वचन पाठ म्हटलं होतं, आणि मध्येच अडकल्यावर एर्नाने ओठ हलवून त्याला पुढचा शब्द सुचवला होता. पुढे तो शिकला, पक्षात गेला, मंडळीत यायचा बंद झाला. पण तीन वर्षांपूर्वी तो तालुक्याचा अकीम झाला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"व्हित्याला कळलं नसेल," मंडळीतली बहीण मार्गारेता म्हणाली. "कळलं असतं तर त्याने हे होऊ दिलं नसतं."

"त्याची सहीच आहे कागदावर," एर्ना म्हणाली.

"सह्या काय, रोज शंभर करत असतील. कोणीतरी जाऊन सांगायला हवं."

बंधू कोर्नेईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणता?"

"कोणीतरी व्हित्याकडे जायला हवं!" मार्गारेता ओरडली.

"एर्नाने जावं," कोर्नेई म्हणाले. "त्या माणसांचे कपडे ती धुते. तिच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

त्यांनी अर्ज लिहिला. लिहायला दोन तास लागले. आधी मार्गारेताने लिहिलेल्यात 'प्रभूच्या नावाने' पाच वेळा आलं होतं, ते कोर्नेईंनी दोनवर आणलं. अकराही जणांनी सह्या केल्या. एर्नाने घडी घालून तो पदराआड ठेवावा तसा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

*

तालुक्याचं गाव चाळीस किलोमीटरवर. बस सकाळी सातला. अकीमच्या कचेरीत एर्ना साडेतीन तास बाकावर बसली. चौथ्या तासाला दार उघडलं आणि व्हित्या स्वतः बाहेर आला.

"एर्नामावशी! कोणी मला सांगितलंसुद्धा नाही!" त्याने तिचा कोट स्वतःच्या हाताने काढून खुंटीला लावला. तो जाडजूड झाला होता, कानशिलं पांढरी झाली होती. हसला की मात्र सुझानासारखाच दिसे.

चहा आला, दूध घातलेला, सोबत सुकामेवा आला. त्याने अर्ज वाचला. सावकाश, प्रत्येक नावापाशी थांबून.

"कोर्नेईआजोबा अजून सही करतात? हात थरथरतो त्यांचा."

"थरथरतो. पण करतात."

"आजी असती तर आज माझा कान पिळला असता." त्याने अर्ज खाली ठेवला. "मावशी, हे वरून आलंय. छप्पर खरंच वाईट आहे. दुरुस्तीसाठी प्रांत काही देत नाही. घर वाचवणं माझ्या हातात नाही."

"मी घर वाचवायला आले नाही, व्हित्या. चुकलं, व्हिक्तर आंद्रेयेविच."

"व्हित्याच म्हणा."

"थंडी जाऊ दे, एवढंच म्हणते. बाहेर उणे तीस आहे. त्यांत एक काम्शात-अपा आहे, चौऱ्याहत्तरची, एका पायाची बोटं नाहीत, डोळ्यांनी नुसत्या सावल्या दिसतात. एक ग्लाफिरा आहे, ती बोलतच नाही. कुठे दुखतंय तेही सांगणार नाही. यांना आत्ता बसमध्ये घालणं म्हणजे..." तिला पुढचा शब्द सुचेना. यावेळी सुचवणारं कोणी नव्हतं. "तू आमच्यातला आहेस. तुला दया येईल, म्हणून आम्ही तुझ्याकडे आलो."

त्याने अर्ज उचलून खणात ठेवला.

"एप्रिलपर्यंत थांबवतो," तो म्हणाला. "बर्फ वितळेपर्यंत. शब्द देतो, मावशी."

बसमध्ये एर्नाचा चेहरा आपोआप हसरा होत होता. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "नातू झाला का नात?" "त्याहून चांगलं," एर्ना म्हणाली.

*

काम्शात-अपाची खाट खिडकीपाशी होती. तरुणपणी ती ट्रॅक्टर चालवायची. साऱ्या प्रांतात ट्रॅक्टर चालवणाऱ्या बायका तेव्हा मोजक्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात शिवराळ ती होती असं तीच सांगायची. लग्न केलं नाही. पायाची बोटं एका बर्फाच्या वादळात ट्रॅक्टरमध्येच गेली. आता ती वाळवलेल्या दह्याचा गोळा गालात धरून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांच्या आवाजावरून ओळखे.

"आली का आमची वकीलीण? काय म्हणाला अकीम?"

"एप्रिलपर्यंत थांबवलं त्याने."

"लिहून दिलं?"

"शब्द दिला."

"चहा दिला?"

"दिला. दूध घालून."

"मग संपलंच. चहा पाजतात तेव्हा काम करत नाहीत. काम करायचं असतं तेव्हा ओरडतात, 'बाई, बाहेर थांबा!'" काम्शात हसली, मग खोकली. "तुझा देव कोणत्या भाषेत ऐकतो गं? जर्मन का रशियन?"

"सगळ्या."

"कझाख येतं त्याला?"

"तुझ्या शिव्या सोडून सगळं येतं."

"शिव्या सोडल्या तर मग उरलं काय!"

दोघी हसल्या. एर्ना तिची उशी बदलत होती. काम्शातने तिचं मनगट धरलं, तसंच धरून ठेवलं. तिचा हात खरखरीत होता.

"ऐक. समजा त्याने शब्द नाही पाळला. राउशान म्हणते, दारावर कागद लावलाय. तुझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत ना? मी जागा फार घेत नाही. खायलाही फार लागत नाही. पेन्शन तू घे. आणि मी नमाजही पढत नाही, तुझ्या घरात दोन देवांची भांडणं व्हायची नाहीत."

एर्ना हसली. चेष्टा चालली आहे असं धरून हसली, पण काम्शात हसत नव्हती.

"अगं, त्या खोल्या थंड असतात, अपा. हिवाळ्यात मी तापवतच नाही. आणि उन्हाळ्यात आर्नोल्ड यायचं म्हणतोय, पोरांना घेऊन. आणि शब्द दिलाय ना व्हित्याने. कशाला उगाच..."

"बरं, बरं," काम्शातने हात सोडला. "विचारून पाहिलं. मला शब्दावर झोप लागत नाही, म्हणून."

मग तिने दुसराच विषय काढला, शेजारच्या मारियाच्या घोरण्याचा. एर्ना उशीचा अभ्रा घेऊन धुलाईच्या खोलीत गेली. पहिली फेब्रुवारी आली आणि गेली. दारावरचा कागद वाऱ्याने एका कोपऱ्यात सुटला होता. एर्नाने जाता जाता तो अंगठ्याने दाबून परत चिकटवला.

*

बारा फेब्रुवारीला सकाळी दोन बसगाड्या अंगणात उभ्या राहिल्या.

एर्ना कामावर पोचली तेव्हा निम्मी माणसं ओसरीत कोट घालून बसली होती. राउशान याद्या हातात घेऊन फिरत होती, तिचे डोळे सुजले होते.

"काल संध्याकाळी फोन आला," ती म्हणाली. "सकाळी आठला तयार ठेवा म्हणाले. मी विचारलं, एप्रिलचं काय झालं? म्हणाले, कोणता एप्रिल?"

एर्नाने कचेरीचा नंबर लावला. अकीम बैठकीत आहेत, असं एका मुलीने सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. अकीम प्रांताच्या गावी गेले आहेत, असं त्याच मुलीने सांगितलं. तिसऱ्यांदा फोन कोणी उचललाच नाही.

सरकारी माणसं वाईट नव्हती. ती म्हाताऱ्यांना हळूच उचलत होती, पांघरुणं गुंडाळत होती. ग्लाफिराने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिच्या तोंडातून आवाज नाही. मारिया मोठ्याने रडत होती आणि रडता रडता बसमधली पुढची जागा मागत होती.

काम्शातला खुर्चीसकट आणलं. एर्नाने आपली लोकरी शाल काढून तिच्या डोक्याला आणि छातीला गुंडाळली, आपले लोकरी बूट काढून तिच्या पायांत घातले आणि स्वतः धुलाईचे रबरी बूट घालून बर्फात उभी राहिली.

"तुझे पाय गारठतील," काम्शात म्हणाली.

"गारठू दे."

"मग खोलीतली भट्टी पेटव. उगाच कोळसा वाचवू नकोस." ती रागावलेली वाटत नव्हती. सावल्यांत एर्नाचा चेहरा शोधत होती, आणि जरा बाजूलाच बघत होती. "चालक कसा आहे गं? वळणावर गिअर नीट टाकतो का बघ. मला आवाजावरून कळेल म्हणा."

बस निघाली. एर्ना फाटकापर्यंत मागे गेली. हात हलवण्यात अर्थ नव्हता, काम्शातला दिसणार नव्हतं. तरी हलवला.

दुपारी माळावर वारा सुटला. संध्याकाळी बातमी आली की महामार्ग बंद केला आहे आणि दोन्ही गाड्या अर्ध्या वाटेत अडकल्या आहेत. पहिल्या गाडीचं तापवण्याचं यंत्र बंद पडलं होतं. बर्फ काढणारं यंत्र त्यांच्यापर्यंत पोचायला अकरा तास लागले. काम्शात पहिल्या गाडीत होती.

सहाव्या दिवशी राउशान एर्नाच्या घरी आली. दारातच उभी राहिली, बूट काढले नाहीत.

"काम्शात-अपा," एवढंच म्हणाली.

"कधी?"

"सकाळी. छातीत पाणी झालं होतं. आणखी एक म्हाताराही गेला, सेम्योन." राउशानने नाक पुसलं. "अपा, बसा ना. उभ्या का?"

एर्ना उभीच राहिली.

*

पुढच्या रविवारी बंधू कोर्नेई सत्तेवर बसलेल्यांसाठी प्रार्थना करायला उठले. राष्ट्राध्यक्ष झाले, प्रांत झाला. "आणि आमचा व्हिक्तर, त्याला सुबुद्धी आणि..."

"मी आमेन म्हणणार नाही," एर्ना म्हणाली.

ती इतक्या मोठ्याने म्हणाली की कोर्नेईंनासुद्धा ऐकू गेलं. मार्गारेताने तिची बाही ओढली.

"बस गं. प्रार्थना शत्रूसाठीही करायची असते."

"शत्रू असता तर केली असती. शत्रूकडून मी काही मागितलं नव्हतं. हा आमचा होता. याने चहा पाजला आणि तोंडाला पानं पुसली."

कोर्नेईंनी प्रार्थना तशीच सोडली, गीताचा आकडा सांगितला, आणि सगळे घसे खाकरून गायला लागले. एर्नाने गायलं नाही. सोमवारी ती सातच्या बसने तालुक्याला गेली.

यावेळी तिला थांबावं लागलं नाही. व्हित्याने लगेच आत बोलावलं आणि दार स्वतः लावलं. चहा मागवला नाही. तो थकलेला दिसत होता, दाढी नीट झाली नव्हती.

"बसा, मावशी."

"बसत नाही. काम्शात गेली. सेम्योन गेला. तुला हे माझ्या तोंडून ऐकू यावं म्हणून आले."

"मला माहीत आहे. दोघांची कागदपत्रं माझ्याकडे आली."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. त्याच दिवशी प्रांताला पत्र पाठवलं. दाखवू का?" त्याने खण उघडायला हात नेला, मग तसाच मागे घेतला. "त्यांनी फोन केला. म्हणाले, छपरावर बर्फ साचतोय, उद्या ते कोसळून एकतीस माणसं मेली तर आत जाणार तू. लेखी जबाबदारी घेतोस का? मी घेतली नाही. घाबरलो. एवढंच आहे ते, मावशी. याच्यामागे दुसरं काही नाही."

"आणि मला फोनवर बैठकीत आहे म्हणून सांगायला लावलंस."

"हो."

एर्नाला वाटलं होतं तो सबबी सांगेल, आणि मग ती बोलेल. बसमध्ये तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. सुझानाचं नाव काढायचं, नाताळचं काढायचं, पाठ म्हटलेल्या वचनाचं काढायचं. पण त्याने 'हो' म्हटल्यावर तिने त्यातलं काहीच काढलं नाही.

"दया येईल असं वाटलं होतं आम्हाला," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं." त्याने वर पाहिलं. "दारावर कागद लावायला मीच सांगितलं होतं, मावशी. नियमात तेवढी एकच पळवाट होती. घरी नेलेल्या माणसाला कोणी बसमध्ये घालू शकत नाही. मी राउशानला एक दिवसाआड विचारत होतो, नाव आलं का? मनात म्हणत होतो, तासकुदुकमध्ये प्रार्थनाघर आहे. अकरा माणसं आहेत. निम्म्यांची मुलं जर्मनीला गेलीत, घरं रिकामी पडलीत. निदान तीन-चार नावं येतील. तुमचा अर्ज आला, त्यावर अकरा सह्या होत्या. दारावरच्या कागदावर एकही नाही."

एर्ना खुर्चीत बसली.

तो आपली मान सोडवून घेतोय हे तिला स्पष्ट दिसत होतं. सही त्याची होती, भीती त्याची होती, गाड्या त्याने पाठवल्या होत्या. त्यातलं काहीही तिचं नव्हतं. आणि तरी तो बोलला त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तिच्या मनगटावर तो खरखरीत हात पुन्हा आल्यासारखा वाटला.

"तू अकीम आहेस," ती कशीबशी म्हणाली. "मी धोबीण आहे."

"हो, मावशी."

"दोन्ही सारखं नाही."

"नाही. सारखं नाही."

बाहेर कोणीतरी दारावर टकटक केली, त्याने उत्तर दिलं नाही. शेवटी एर्ना उठली. त्याने कोट धरला, तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः घातला.

"माझी बदली होतेय," तो दारापाशी म्हणाला. "प्रांताला. वरच्या जागेवर."

"देव तुझं..." तिने सवयीने सुरुवात केली. वाक्य पुरं झालं नाही.

*

घरी आल्यावर तिने आर्नोल्डच्या खोलीच्या दाराखाली कोंबलेली जुनी गोधडी ओढून काढली. आतली हवा गोठलेली होती. पलंगावर तीन उशा एकावर एक, वर जाळीदार रुमाल, नऊ वर्षांपूर्वी ठेवला तसा. भिंतीला आतून बर्फाची साय धरली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच्या दयेसाठी कसं मागायचं ते तिला लहानपणापासून येत होतं, सत्तेवरच्यांना मऊ काळीज दे, असं हजार वेळा म्हटलं होतं. स्वतःचं नाव त्या वाक्यात घालून पाहिलं तेव्हा जीभ अडखळली. तिला रडू आलं नाही. ती कोळसा आणायला उठली.

मार्चमध्ये ती प्रांताच्या मोठ्या घरी गेली. चार मजली इमारत, कॉरिडॉरमध्ये जंतुनाशकाचा वास. आधी ती मागच्या माळावरच्या कब्रस्तानात गेली. काम्शातच्या मातीवर लोखंडी पट्टी होती आणि नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. एर्नाने केसातला आकडा काढून ते अक्षर खरवडायचा प्रयत्न केला. रंग पक्का होता. थोडासा ओरखडा निघाला, तेवढाच.

मग ती एकेकाला भेटली. मारियाला म्हणाली, "माझ्या घरी चल. खोली तापवलेली आहे."

मारियाने तिच्याकडे पाहिलं. "आता आलीस?"

"आता आले."

"आता मला इथे रेडिएटरच्या उबेतली खाट मिळाली. तेवढ्यासाठी मी कोणाकोणाशी भांडले, तुला काय माहीत." तिने तोंड भिंतीकडे केलं.

दुसरा एक म्हातारा म्हणाला की इथे टीव्ही मोठा आहे. तिसरीला एर्ना आठवलीच नाही. राहिली ग्लाफिरा. ती कोपऱ्यातल्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. गेली कित्येक वर्षं ती उशीच्या अभ्र्यात पाव लपवायची आणि बुरशी आलेले ते तुकडे मशीनमध्ये सापडले की एर्ना तिच्या नावाने बोटं मोडायची. दोघींचं कधी पटलं नव्हतं. एर्नाने विचारलं. ग्लाफिरा नाही म्हणू शकत नव्हती, होही म्हणू शकत नव्हती. तिने एर्नाच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि त्यात पाव आहे का ते पाहिलं.

कागदपत्रांना मे उजाडला. एर्नाचं वय, एर्नाची पेन्शन, एर्नाचं रक्त, एर्नाच्या घराचं क्षेत्रफळ, सगळं कोणी ना कोणी तपासलं. तोपर्यंत तासकुदुकहून गेलेल्या एकतीसपैकी पाच जण त्या माळावरच्या मातीत गेले होते.

आर्नोल्डला तिने फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, आणि आम्ही उन्हाळ्यात आलो तर झोपायचं कुठे?"

"येणार आहात?"

"बघू या ना. पोरांच्या सुट्ट्या..."

"या. दुसरी खोली आहे."

ते आले नाहीत.

ग्लाफिरा पलंगावर झोपत नाही. उशा जमिनीवर घेऊन भट्टीला टेकून झोपते. अभ्र्यात पाव असतो, एर्ना शुक्रवारी तो काढते आणि ताजा ठेवते. बंधू कोर्नेई म्हणाले, हे प्रभूचं काम आहे. मार्गारेताने क्रीमचा केक आणून दिला आणि विचारलं, जड नाही जात? एर्ना म्हणाली, जातं. रविवारी ती ग्लाफिराला घेऊन मागच्या बाकावर बसते. नव्या अकीमचं नाव येतं तेव्हा मान खाली घालते. ओठ हलतात का नाही, ते मार्गारेतालाही दिसत नाही.

दुपार झाली की ग्लाफिरा कोट चढवते आणि चालायला लागते. दुकानावरून, पाण्याच्या टाकीवरून, सरळ निराधारांच्या घराच्या फाटकापाशी. फाटकाला कुलूप आहे. छपराचा काही भाग शेवटी खरंच खचला, मधोमध खड्डा पडलाय. ग्लाफिरा कुलूप धरून ओढते, थांबते, पुन्हा ओढते. एर्ना दोन पावलं मागे उभी असते. तिला ओढत नाही, घाई करत नाही. ग्लाफिराचे हात दमले की दोघी परत फिरतात.